दोन काटे

दवाखान्यातला काटा पांढरा, काचेचा.
दर मंगळवारी तो मला खरं सांगतो
म्हणून मला तो आवडत नाही.
शेडमधला गंजका काटा मात्र माझा.
त्यावर मी हिरव्या व्हॅनिलाच्या शेंगा तोलते
आणि तिथे चढायची पाळी माझी नसते.

जूनमध्ये एकशे अठरा किलो, चारशे ग्रॅम.
नर्स फुसिपाला वहीत आकडा लिहिताना ओठ हलवते,
जणू चर्चमध्ये स्तोत्राचं पान शोधते आहे.
मी म्हटलं, नाताळपर्यंत वीस घालवायचे.
धाकटीचं लग्न आहे, ती ऑकलंडहून येते आहे.
तिनं पाठवलेला झगा निळा आहे,
आणि झग्याला माझ्याविषयी
कुणीतरी चुकीची माहिती दिली आहे.

फुसिपाला म्हणाली, "आठवड्याला अर्धा किलो. कधी पाव.
कधी काहीच नाही,
तरी त्याला आठवडाच म्हणायचं."

पहिल्या मंगळवारी दोन किलो गेले.
मी धक्क्यावरच्या माणसांनासुद्धा सांगितलं.
फुसिपाला म्हणाली, पाणी आहे ते बहुतेक.
दुसऱ्या मंगळवारी शंभर ग्रॅम.
शंभर ग्रॅम म्हणजे काय, तर
माझ्या चपला.
तिसऱ्या आठवड्यात मामा वारले.
तीन दिवस भट्टीतून डुक्कर निघत होतं,
नारळाच्या दुधात शिजलेली अळूची पानं निघत होती.
मेलेल्या माणसाला नको कसं म्हणायचं?
चारशे ग्रॅम वर.

मग मी जाणंच सोडलं.
तीन मंगळवार शेंगांना काम फार होतं.

त्या दिवसांत खरेदीदार आला, ब्रेंडन,
नाकाला पांढरं मलम फासलेला.
म्हणाला, भट्टी लावू या का? आठवड्यात वाळवून टाकू.
मी त्याला जे सुनावलं ते सगळ्या बेटानं ऐकलं असेल.
बाहेरून वाळतील, आत बुरशी धरतील!
पाच किलोचा एक किलो होतो, पण होता होता होतो.
दुपारचं दोन तास ऊन, मग घोंगडीत गुंडाळून घाम,
उद्या परत ऊन, परवा ढग आले तर घोंगडीतच,
आणि रोज रोज तोलून बघायचं नाही,
तोलून शेंग वाळत नाही!

माझा नातू लातू घोंगडी घडी करत होता.
तो काही बोलला नाही.
फक्त माझ्याकडे पाहिलं,
वरून खालपर्यंत, आणि खूप वेळ लागला त्याला.

मला त्याचा रागच आला.
शहाणपण नातवाकडून आलं की गोड लागतं
असं म्हणणाऱ्यांना नातवंडं नसावीत.
पण रात्री, पायांना तेल चोळताना हिशेब केला:
चार बाळंतपणं, तीस वर्षं, किती लग्नं, किती मयतं.
मुंगीच्या पावलांनी आलेलं
घोड्यावर बसून कसं जाईल?

मंगळवारी गेले. फुसिपालानं
कुठे होतीस असं विचारलं नाही.
अळूच्या पानात आता निम्मं नारळाचं दूध घालते,
नणंद माझ्यावर रुसली आहे.
चर्चच्या चढावर पूर्वी फणसाच्या झाडाशी थांबायची.
आता हेइलालाच्या फाटकाशी थांबते.
मध्ये एकवीस पावलं आहेत.
ही कुठल्याच वहीत नाहीत.

डिसेंबर. एकशे बारा किलो, नऊशे ग्रॅम.
वीस नाही. साडेपाच.
झगा काही चढला नाही.
हेइलालानं दोन्ही कुशी उसवून
चार-चार बोटं पांढरं कापड जोडलं,
आणि लोक म्हणाले, नवी फॅशन दिसते.
धाकटीनं विमानतळावर मिठी मारली,
हात माझ्या पाठीवर पूर्ण पोचले का
हे मी विचारलं नाही. ती म्हणाली,
"आई, तुला व्हॅनिलाचा वास येतोय."

लग्नानंतरच्या मंगळवारी
सातशे ग्रॅम वर.
फुसिपाला ओठ हलवत लिहीत होती.
मी म्हटलं, ढग होते गं आठवडाभर.
तिला काही कळलं नाही.
चपला घालून मी चढाला लागले.